दोनशे बारा नंबरची कातडी

ही १९६७ सालच्या मार्च महिन्यातल्या बारा दिवसांची गोष्ट. त्या सालात जगात आणखी बरंच काही झालं असेल. पण ज्या घरात हे घडलं, तिथे ते ‘आईची मूठ मिटली ते साल’ म्हणूनच लक्षात राहिलं.

घरात माणसं चार: आई, दादा, वहिनी आणि धाकटी. धाकटी म्हणजे दादाची बहीण. वय एकोणतीस, लग्न न झालेली, आणि त्यावरून घरात आठवड्यातून एकदा तरी विषय निघायचाच. घरापासून वीस मिनिटांवर एक जुनी तीनमजली संशोधन संस्था होती. तिच्या वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत धाकटी कामाला होती. काम काय, तर बेडकाच्या कातडीची राखण.

लोक हसत, आणि त्यांचं चुकत होतं असंही नाही. पण काम गमतीचं होतं. बेडूक राहतो गोड्या पाण्यात. त्या पाण्यात मीठ नावालाच, आणि त्याच्या रक्ताला तर मीठ हवंच. मग त्याच्या कातडीतल्या पेशी ते नावापुरतं मीठ कणाकणाने बाहेरून ओढून आत घेतात. बाहेरून आत. आतून बाहेर कधी नाही. बेडूक मेला, कातडी सोलून काढली, तरी तिला ते कळत नाही. काचेच्या दोन कपांच्या मध्ये पडद्यासारखी ताणून बसवली, दोन्हीकडे सारखंच मिठाचं पाणी भरलं आणि हवेचे बुडबुडे सोडले, की ती आपली एका कपातलं मीठ दुसऱ्या कपात नेत राहते. आत म्हणजे आता कोणाच्या आत, हे विचारायला ती थांबत नाही. घर रिकामं झालेलं असतं आणि ही बाजारातून पिशव्या भरभरून आणतच असते.

या वाहतुकीतून अगदी बारीकशी वीज उत्पन्न होते. ती दोन तारांनी एका काट्यापर्यंत आणलेली होती. कातडी काम करते तोवर काटा उजवीकडे झुकलेला, दमली की हळूहळू मध्यावर, शून्यावर. काट्याला पेन जोडलेलं आणि पेनाखालून कागदाची गुंडाळी मुंगीच्या पावलांनी सरकत असे. माणसं घरी गेली तरी रेघ उमटत राही.

प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांचे नियम दोन. काटा शून्यावर आल्याशिवाय कातडी उतरवायची नाही. आणि कपातलं पाणी बदललंच, तर जुन्यातला थेंबही फेकायचा नाही, नंबर घालून बाटलीत ठेवायचा. वहीत प्रत्येक कातडीला एक ओळ असे. शेवटच्या रकान्यात शून्याची वेळ आणि तिच्यापुढे एकच शब्द: ‘गेली’. हा शब्द पहिल्यांदा कोणी लिहिला कोण जाणे, पण सरसुद्धा तोच लिहीत. बहुतेक कातड्या दहा-बारा तासांत जात. एखादी चिवट निघाली तर दुसऱ्या दिवशीची दुपार बघे.

हे कप बनवायचं काम तळमजल्यावरच्या फुंकरकाकांचं. नळीला तोंड लावून चाळीस वर्षं काच फुगवल्यामुळे त्यांचे गाल सैल पडले होते. आपल्या कपांवर त्यांचा पोटच्या पोरांसारखा जीव. रोज एकदा वर येऊन ते काचेला तडा गेलाय का बघून जात, आणि जाताजाता एखादी टोपी उडवत.

आईला हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. मूठ मिटली त्याच्या आदल्या संध्याकाळी एका चांगल्या स्थळाचा विषय निघाला आणि दोघींची जुंपली. आई म्हणाली, मेलेल्या बेडकांच्या कातड्या राखत बसतेस, घरातल्या जित्याजागत्या माणसांकडे बघायला तुला वेळ नाही. धाकटी म्हणाली, “त्या निदान बोलत तरी नाहीत.”

आईने ताट बाजूला सारलं आणि उठून गेली. वहिनीने धाकटीकडे नुसतं बघितलं. दादाने जेवणात डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर डबा भरून ठेवलेला होता. धाकटीने तो उचलला आणि आईशी न बोलता ती जिना उतरायला लागली. दुसरा मजला, बत्तीस पायऱ्या. ती खालच्या वळणावर असताना वरून आईची हाक आली, “अगं, थांब जरा.” पाठोपाठ चपलांचा आवाजही आला. म्हणजे आई खाली येत होती. धाकटीला उशीर झाला होता, आणि झाला नसता तरी ती त्या दिवशी थांबली नसती. मान न वळवता ती रस्त्याला लागली.

डोक्यात राग असताना हात बिघडतात. त्या सकाळी तिने दोनशे बारा नंबरची कातडी बसवली. पोटाची कातडी दोन्हीकडून पांढुरकी, घाईत फसवणारी. रिवाज असा, की कातडीची बाहेरची बाजू उजव्या कपाकडे. चाप आवळून, पाणी भरून, तारा जोडल्या तेव्हा काटा डावीकडे गेला. कातडी उलटी बसली होती. काढून परत बसवावी तर कडा फाटतात. वहीत सरळ ‘उलटी’ असं लिहायचं, एवढंच करायला हवं होतं. पण अकरा वर्षांत तिच्या हातून अशी चूक झाली नव्हती, आणि आजच ती कबूल करायची तिची तयारी नव्हती. तिने दोन तारांची अदलाबदल केली. काटा उजवीकडे आला. दुपारी सरांना सांगून टाकू, असं तिने मनाशी ठरवलं.

साडेबाराला डबा उघडला. भाजीत मीठ नव्हतं. एक घास खाऊन ती थांबली. आईचं हे उत्तर आहे, हे तिला लगेच समजलं. बोलायचं नाही ना, मग घे अळणी. तिने डबा तसाच बंद केला. त्यानंतर पंधरा मिनिटांत खालच्या ऑफिसात दादाचा फोन आला.

अकराच्या सुमारास वहिनी बाजारातून परतली, तेव्हा आई जिन्यात बसलेली होती. पाठ भिंतीला, डोळे उघडे. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली होती. डॉक्टर म्हणाले, मूठ ताणून उघडू नका, बोटं मोडतील. अंगावर सूज होती म्हणून मीठ पूर्ण बंद. आई किती दिवस काढेल, असं दादाने विचारलं. आज, उद्या, फार तर परवा, असं ते म्हणाले.

धाकटी आईच्या उशाशी बसली. तिला एकच हवं होतं. आईने जाण्याआधी तिच्याशी एक शब्द बोलावा. शिवी दिली तरी चालेल, पण ‘त्या निदान बोलत तरी नाहीत’ हे दोघींमधलं शेवटचं वाक्य राहू नये. आणि जिन्यातून आई काय सांगायला येत होती, तेही तिला कळायला हवं होतं. आईचे डोळे तिच्यावरून फिरत आणि छताकडे जात.

तिसऱ्या दिवशी वहिनीने तिला जबरदस्तीने तासाभरासाठी बाहेर पाठवलं. जायला दुसरी जागा नव्हती म्हणून ती प्रयोगशाळेत गेली. दोनशे बारा कधीच गेली असणार, कप धुवायचे राहिले असतील, असं तिला वाटत होतं.

काटा उजवीकडेच होता. पहिल्या दिवशी होता तिथेच.

सर काट्यासमोर स्टूल घेऊन बसले होते. त्यांनी आईची चौकशी केली, मग हळूच विचारलं, या कातडीला काही वेगळं केलंत का बाई? ती नाही म्हणाली. तारांचं सांगायचं अगदी ओठांवर होतं. पण सरांच्या चेहऱ्यावर तिने कधी न पाहिलेला आनंद होता, आणि ती गप्प राहिली.

पाचव्या दिवशी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आईचा श्वास अडकला. छाती वर गेली ती खाली येईना. दादा डॉक्टरांकडे धावला. धाकटी समोरच्या घड्याळाकडे बघत राहिली, कारण आईकडे बघवत नव्हतं. दीड मिनिट गेलं. मग श्वास परत आला आणि पहिल्यासारखा चालू झाला. दुपारी ती प्रयोगशाळेत गेली आणि सवयीने कागदाची गुंडाळी उलगडली. सकाळची सरळ रेघ एका जागी खाली घसरली होती आणि लगेच वर आली होती. कागदाच्या कडेला वेळेच्या खुणा असतात. तिने बोट ठेवून मोजल्या. दहा वीस.

तिने गुंडाळी होती तशी गुंडाळून ठेवली. 

तेव्हापासून तिचा दिवस दोन ठिकाणी वाटला गेला. सकाळी आई, दुपारी काटा, पुन्हा आई. घरातून निघताना ती आईच्या छातीकडे बघे, आणि जिना चढून प्रयोगशाळेच्या दारात पोचली, की आधी काट्याकडे. काटा जागेवर दिसला की तिच्या जिवात जीव येई, आणि लगेच अंगावर काटाही. कारण ती कातडी आता नुसती जिवंत राहिलेली नव्हती. सातव्या दिवशीही पाणी गढूळ झालं नव्हतं, वास नव्हता, चापाखालच्या कडाही सैलावल्या नव्हत्या. बुडबुड्यांमुळे ती अगदी बारीक हलत राही, झोपलेल्या माणसाच्या पापणीसारखी. फुंकरकाका तिच्याकडे वाकून बघत म्हणाले, “खाल्ल्या मिठाला जागतेय बिचारी. माझी सून एवढी जागली असती तर मी इथे असतो का?” आणि मग नेहमीसारखे हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते दारातूनच काच बघून जाऊ लागले.

नवव्या दिवशी सरांनी पाटीवर आकडे मांडले. ज्या वेगाने मीठ जातंय, त्या वेगाने बाहेरच्या कपातलं मीठ एव्हाना संपायला हवं होतं. काटा तर तसूभरही हललेला नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“बाई, खरं सांगा. कपात मीठ कोण घालतंय?”

“कोणी नाही, सर.”

“मग ही आणतेय कुठून?”

सर त्या दिवशी लवकर घरी गेले.

इकडे घरात आईचे हाल बघवत नव्हते. पाठीला जखमा झाल्या होत्या. वहिनी दिवसातून चार वेळा कूस बदलायची आणि बिनमिठाचं सूप चमच्याने भरवायची. निम्मं हनुवटीवरून खाली येई. मिटलेल्या मुठीभोवती ती ओला कापूस फिरवायची, आत जाता येत नसे. बाराव्या दिवशी दुपारी आई कण्हायला लागली. तो आवाज माणसाचा वाटत नव्हता, दूरवर कोणीतरी जड कपाट ओढतंय असा वाटत होता. दादा गॅलरीत जाऊन उभा राहिला. वहिनीने चमचा खाली ठेवला.

“वन्सं, एक बोलू? रागावू नका. आई कशासाठी तरी थांबल्यात. जाऊ द्या हो त्यांना.”

वहिनी हे सहज बोलली होती. तिला कातडीचं काहीच माहीत नव्हतं. पण धाकटीला वाटलं, आपण चोरी करताना पकडले गेलो. बारा दिवस आईला कोणी धरून ठेवलंय? एका शब्दासाठी? ती आईच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, “नको बोलूस. काही नको सांगूस.” मग चपला घालून ती बाहेर पडली.

ती प्रयोगशाळेत पोचली तेव्हा पावणेतीन झाले होते. सर नव्हते. फुंकरकाका दारापाशी होते. त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि बाजूला होऊन वाट दिली.

कातडी फाडायची तिची छाती नव्हती. विष घालायचा तर प्रश्नच नव्हता. तिला एक सौम्य वाट माहीत होती. बाहेरच्या कपातलं मिठाचं पाणी काढून घ्यायचं आणि त्याजागी साखरेचं भरायचं. न्यायला मीठच उरलं नाही, की कातडी आपोआप थांबते. तिने उजव्या कपातलं पाणी नळीने ओढून बाटलीत घेतलं, सवयीने बाटलीवर नंबर घातला आणि कप साखरेच्या पाण्याने भरला. मग डोळे काट्यावर ठेवून ती उभी राहिली.

काटा खाली आला नाही. तो थरथरला आणि उजवीकडे गेला, आणखी उजवीकडे, पार कडेला जाऊन टेकला. पेन कागदाच्या काठावर आपटून टकटक करू लागलं.

तेव्हा तिला त्या तारा आठवल्या. कातडी उलटी होती. उजवा कप बाहेरचा नव्हताच, तो आतला होता. तिने मीठ काढलं ते आतून. बाहेर होतं तेवढं सगळं मीठ आता त्या रिकाम्या घराकडे धाव घेत होतं. तिने डाव्या कपाकडे हात नेला. तो कप फक्त रिकामा करायचा होता. पण काचेला बोट लागलं तेव्हा ती ऊबदार लागली, ताप आलेल्या कपाळासारखी, आणि तिचा हात मागे आला.

“काका,” ती म्हणाली, “जरा बसाल इथे? शून्यावर आला तर वेळ लिहा.” फुंकरकाका पहिल्यांदाच काही थट्टा न करता स्टुलावर बसले.

धाकटी घरापर्यंत पळत गेली. बत्तीस पायऱ्या कशा चढली ते तिला आठवत नाही. वहिनी दारातच होती. पाच मिनिटांपूर्वी आईची मूठ उघडली होती, कोणी हात न लावता, एकेक बोट करून.

आईचा तळवा उताणा पडलेला होता. खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी त्याची कातडी पांढरी आणि सुरकुतलेली झाली होती. त्यावर कागदाची एक छोटी पुडी होती. किराणाच्या कागदाची, आईच्या पद्धतीने दोन घड्या घालून टोक आत खोचलेली. बारा दिवस मुठीत राहूनही ती चुरगळली नव्हती.

वहिनी तिच्याकडे बघत राहिली आणि एकदम खाली बसली. मग तिने सांगितलं. त्या दिवशी धाकटीच्या जरा आधी ती बाजाराला निघाली, तेव्हा आई स्वतःशीच पुटपुटत होती: भाजीत मीठ घालायचं राहिलंच, आता पोर अळणी जेवेल, थांब, पुडीत देते. पुढे जे झालं त्या धांदलीत वहिनी ते साफ विसरून गेली होती.

धाकटीने पुडी उघडली. आत मिठाचा एक कणही नव्हता. कागद कोरडा होता, फाटलेला नव्हता, कुठे डागही नव्हता. तिने तो जिभेला लावून पाहिला. कागदाला कागदाचीच चव होती.

आईचे डोळे या वेळी छताकडे गेले नाहीत. तिने धाकटीकडे बघितलं, तिच्या हातातल्या पुडीकडे बघितलं, आणि तिच्या तोंडाची डावी बाजू हलली. शब्द आला नाही. भाजी कशी झाली होती विचारताना आईच्या भुवया जशा वर जात, तशा त्या वर गेल्या.

“छान होती,” धाकटी म्हणाली. “मीठ बरोबर होतं.”

आईने डोळे मिटले. थोड्या वेळाने श्वास थांबला. दादाने घड्याळ बघितलं, चार वाजले होते.

चार दिवसांनी धाकटी कामावर गेली. वहीत दोनशे बारा नंबरच्या ओळीत शेवटच्या रकान्यात फुंकरकाकांच्या ओबडधोबड अक्षरात ‘४.००’ होतं आणि त्यापुढे ‘गेली’. कातडी वितळल्यासारखी होऊन चापातून आपणच सुटली होती. सरांनी दोन्ही कपांतलं आणि बाटलीतलं पाणी आटवून मीठ वजन करून ठेवलं होतं. सुरुवातीला घातलं होतं त्यापेक्षा ते जास्त भरलं. किती जास्त, ते त्यांनी तिला काचेच्या बशीत घालून दाखवलं. चिमूटभर होतं. मग तिने त्यांना तारांचं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि वहीत स्वतःच्या हाताने ‘उलटी’ असं लिहिलं. जास्तीच्या मिठाबद्दल त्यांनी पुन्हा कधी काही विचारलं नाही.

सरांनी दोनशे बारा नंबरच्या कातडीवर ओळसुद्धा छापली नाही. दोन वर्षांनी त्यांनी बेडकांचं काम सोडलं आणि निवृत्त होईपर्यंत पानांवर काम केलं. फुंकरकाकांनी ते दोन कप परत मागून घेतले, पण वितळवले नाहीत. ते वारले तेव्हा त्यांच्या सुनेला ते कपाटात कापसात गुंडाळलेले सापडले, आणि तिने त्यांत धने-जिरे भरले. दादा बदली होऊन दुसऱ्या गावी गेला. जिना नसलेलं घर मिळेपर्यंत तो तिथे तीन महिने हॉटेलात राहिला. वहिनी अजून आहे, आणि तिला अजून वाटतं की त्या दुपारी आपण चमचा खाली ठेवला ते चुकलं.

धाकटीने लग्न केलं नाही. ती त्याच संस्थेतून निवृत्त झाली. मागून कोणी हाक मारली, ती दुसऱ्या कोणाला असली, तरी ती थांबून वळून बघते. कागदाची ती पुडी तिने होती तशी घडी घालून एका डबीत ठेवली आहे. वर्षातून एकदा मार्चमध्ये ती डबी उघडते. अलीकडे ती डबी हातात घेतल्यावर जरा जड लागते. पुडी उघडून बघायची मात्र तिची छाती होत नाही.